मेमरीत ठाण मांडून बसलेले

मायक्रोसॉफ्टच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जमान्यात मशीन हँग झालं, की मुरलेला माणूस आधी नम लॉकची कळ दाबून बघायचा. तिचा दिवा लागला-विझला, तर कीबोर्डचा इंटरप्ट (प्रोसेसरला हातातलं काम थांबवून लक्ष द्यायला लावणारा इशारा) शाबूत, घोळ दुसरीकडे. दिवा ढिम्म हलला नाही, तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीटचीही आशा सोडायची आणि रिसेटचं बटण गाठायचं.

संशयाची सुई बहुतेकदा वळायची ती टीएसआरकडे. म्हणजे काम आटोपलं तरी मेमरी न सोडणारे छोटे प्रोग्राम. डॉस एका वेळी एकच प्रोग्राम चालवणार, त्यावर काढलेली ही पळवाट. 1984 साली बोरलँडचं साइडकिक आलं आणि लोकांना चटकच लागली. पत्र टाइप करता करता कंट्रोल आणि ऑल्ट एकदम दाबायचे, की पडद्यावर कॅल्क्युलेटर हजर!

ही जादू चालायची ती मेमरीच्या अगदी आरंभी असलेल्या 1,024 बाइटांच्या तक्त्यावर. त्यात 256 पत्ते, कोणता इंटरप्ट आला की कुठे जायचं ते सांगणारे. नववा इंटरप्ट कीबोर्डचा. टीएसआर तिथला जुना पत्ता टिपून ठेवतो आणि स्वतःचा लिहितो. नंतर आलेला त्याच्याही पुढे घुसतो. कळ दाबली की निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जायला हवा. मधल्या एकानं गिळला की पुढचे सगळे बहिरे. साइडकिक तर आपली जागा गेलेली दिसली की परत बळकावायचं, म्हणून ते सर्वांत शेवटी लोड करायचं.

दुसरं दुखणं खुद्द डॉसचं. त्याचं एक काम अर्धवट असताना दुसरं सांगितलेलं त्याला सोसत नाही. फ्लॉपीवर फाइल लिहिली जात असताना मध्येच उगवलेल्या टीएसआरनं फाइल मागितली, की स्टॅकचा बट्ट्याबोळ. डॉस कामात आहे का, हे सांगणारी खूण आत होती, पण मायक्रोसॉफ्टनं ती बरीच वर्षं कागदोपत्री आणलीच नाही. हा कद्रूपणा अनेकांना महागात पडला. नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी तर सी भाषेतून टीएसआर लिहिण्यावर अख्खं पुस्तक केलं.

दुरुस्ती चिकाटीची. कोऱ्या बूट फ्लॉपीवरून मशीन सुरू करायचं. तेव्हा सुरळीत चाललं, तर बूट होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक आणि कॉन्फिग फायलींमधल्या निम्म्या ओळींपुढे रेम लिहून त्या गप्प करायच्या आणि पुन्हा बूट. संशयित सापडला तरी लगेच हाकलायचा नाही. आधी क्रम बदलून बघायचा. एकेकटे गुणी असलेले दोघे एकत्र आले की भांडायचे. काढतानाही शेवटी आलेला आधी. मधलाच उपटला, तर त्याच्यानंतर आलेल्यानं टिपून ठेवलेला पत्ता रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहायचा.

1991 च्या डॉस 5 मध्ये मेम कमांडला सी जोडला, की कोण किती जागा अडवून बसलंय ते दिसू लागलं. 1993 च्या डॉस 6 मध्ये एफ 8 दाबलं की कॉन्फिगची एकेक ओळ चालवायची का, ते मशीनच विचारी. मेमरी वाचवणाऱ्या तमाम करामतींपेक्षा मला ही सोय मोलाची वाटते. ज्या टीएसआरांचं आपसात जमतच नसे, त्यांच्यासाठी पूर्वी दोन वेगळ्या बूट फ्लॉप्या ठेवाव्या लागत. आता कॉन्फिग फाइलमध्येच मेन्यू लिहून त्यांचा संसार वेगळा थाटता येऊ लागला.