नवउद्योगाचे बिऱ्हाड कुठे थाटावे?

उद्योगाची कल्पना पक्की झालेली असते, दोन-तीन सहकारी जमलेले असतात, घरच्यांनी थोडेफार पैसेही देऊ केलेले असतात. मग पहिला व्यावहारिक प्रश्न उभा राहतो तो शहराचा. पुण्यातच राहावे, मुंबई गाठावी की थेट बंगळुरूला जावे? अनेक तरुण याचे उत्तर शहराच्या लौकिकावरून ठरवतात. लौकिक खोटा नसतो. पण तो कशातून घडला हे समजल्याशिवाय तो आपल्या कामाचा आहे की नाही, हे कळत नाही.

या बाबतीत अमेरिकेतील दोन प्रदेशांची तुलना बोधप्रद आहे. बोस्टनजवळच्या 'रूट १२८' या महामार्गालगतच्या परिसराला एमआयटी व हार्वर्डचा शेजार होता. नव्या कंपन्यांना जोखीम भांडवल पुरवणारी एक आद्य संस्थाही १९४६ मध्ये तिथेच स्थापन झाली. तिने १९५७ मध्ये गुंतवलेल्या ७० हजार डॉलरवर 'डिजिटल इक्विपमेंट' ही संगणक कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात आठ तंत्रज्ञांनी विल्यम शॉकले यांची प्रयोगशाळा सोडून 'फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर' काढली. तिथून बाहेर पडलेल्या रॉबर्ट नॉइस व गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये 'इंटेल' स्थापन केली. १९८०च्या दशकात दोन्ही प्रदेशांना मंदीचे तडाखे बसले. सिलिकॉन व्हॅली सावरली, रूट १२८ मागे पडला. अ‍ॅनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ मधील आपल्या ग्रंथात त्याची मीमांसा केली आहे. बोस्टनकडील मोठ्या कंपन्या सर्व कामे आपल्याच भिंतींआड करत. व्हॅलीत मात्र माणसे कंपन्या बदलत, एकमेकांशी बोलत, आणि त्यांच्याबरोबर ज्ञानही फिरत राही.

यात कायद्याचाही वाटा मानला जातो. नोकरी सोडणाऱ्याने प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये, असा करार कॅलिफोर्नियात १८७२ पासूनच सर्वसाधारणपणे अमान्य आहे. योगायोग असा, की भारतीय करार कायदाही १८७२ चाच. त्याच्या कलम २७ नुसार व्यवसायाला प्रतिबंध करणारा करार निरर्थक ठरतो. म्हणजे माणसांच्या फिरण्याला आपल्याकडे कायद्याची आडकाठी फारशी नाही. प्रश्न उरतो तो फिरण्याजोगी माणसे एका ठिकाणी पुरेशी आहेत का, याचा.

बंगळुरूचे बळ नेमके इथे आहे. १९०९ मध्ये भारतीय विज्ञान संस्था, १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट, पुढे अंतराळ संशोधन आणि १९८५ मध्ये 'टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स' असे थर या शहरात साचत गेले. १९८१ मध्ये पुण्यात जन्मलेली 'इन्फोसिस' १९८३ मध्ये बंगळुरूला गेली. 'फ्लिपकार्ट' तिथे २००७ मध्ये सुरू झाली आणि २०१८ मध्ये वॉलमार्टने तिचे सुमारे ७७ टक्के भाग १६ अब्ज डॉलरला घेतले. अशा व्यवहारांतून हाती पैसा व अनुभव आलेले कर्मचारी पुढच्या पिढीचे संस्थापक आणि गुंतवणूकदार होतात. शहराचे जाळे विणले जाते ते असे.

मात्र प्रत्येक उद्योगाला तेच जाळे लागत नाही. बँका, विमा किंवा शेअर बाजाराशी निगडित सेवा देणाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँक, सेबी आणि दोन्ही प्रमुख शेअर बाजार असलेली मुंबई जवळची. पवईच्या आयआयटीतील 'साइन' हे संवर्धन केंद्रही २००४ पासून कार्यरत आहे. वाहनांचे सुटे भाग किंवा बॅटरी बनवणाऱ्याचे ग्राहक पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात आहेत. रसायन व जैवतंत्रज्ञानातील उद्योजकाला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील 'व्हेंचर सेंटर'चा आधार मिळू शकतो.

भांडवलाचे गणितही टप्प्यानुसार बदलते. मोठी रक्कम गुंतवणारे फंड चांगल्या कंपनीच्या शोधात दुसऱ्या शहरात जातात. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या 'फर्स्टक्राय'मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेने पैसा घातला. पहिली छोटी रक्कम देणारा एंजल गुंतवणूकदार मात्र बहुधा ओळखीच्या वर्तुळातच पैसे घालतो, कारण त्या वेळी हिशेब पाहण्याजोगा नसतो; माणूस पारखायचा असतो. सरकारचा २०१६ चा दहा हजार कोटी रुपयांचा निधीही थेट नवउद्योगांना मिळत नाही. तो सेबीकडे नोंदलेल्या फंडांमार्फत येतो. त्यामुळे ओळखींचे महत्त्व तिथेही टळत नाही.

दुसऱ्या बाजूला खर्च आहे. हाती ३० लाख रुपये असताना महिन्याचा खर्च २ लाख असेल, तर १५ महिने मिळतात. महागड्या शहरात तो ३ लाखांवर गेला, तर दहाच. हे पाच महिने पहिला ग्राहक मिळण्यापूर्वीच संपू शकतात. म्हणून शहर बदलण्यापूर्वी तिथे दोन-तीन आठवडे राहून पाहावे. त्या मुदतीत किती संभाव्य ग्राहक भेटले, हवे ते तंत्रज्ञ परवडणाऱ्या पगारात मिळतात का आणि किती गुंतवणूकदारांनी दुसऱ्यांदा भेटीस बोलावले, याची नोंद ठेवावी. ग्राहक आणि माणसे आपल्याच शहरात असतील, तर गुंतवणूकदाराच्या भेटीसाठी प्रवास करणे स्वस्त पडते. ती तिथे नसतील, तर मात्र घरभाडे वाचवण्यासाठी मागे राहणे महागात पडू शकते.