नांगर, जवारी आणि दुव्यांचा बाजार

१९२० साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने मासिक काढलं. धंदा लोखंडी नांगरांचा, आणि लोखंडाने जमीन नासते असं मानणारे शेतकरी तेव्हा कमी नव्हते. औंध संस्थानात १९१० साली वसलेल्या या वाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. सुरुवातीला त्यात कारखान्याच्या मालाची माहिती असे. मग कथा आल्या, लेख आले, वाद आले. १९२९ मध्ये नाव नुसतं ‘किर्लोस्कर’ झालं, पुढच्या वर्षी ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघालं. ज्यांनी जन्मात नांगर धरला नाही, त्यांच्याही घरात कारखान्याचं नाव पोचलं.

नवी वेबसाइट काढणाऱ्याला हल्ली ‘आधी वाचण्याजोगं काही टाका, लिंका आपोआप येतील’ असा सल्ला मिळतो, तोही फी घेऊन. किर्लोस्करवाडी आज ज्या सांगली जिल्ह्यात आहे, तिथे हा सल्ला शंभर वर्षं जुना आहे.

लिंकांना एवढं मोल आलं १९९८ पासून. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी गुगल सुरू केलं, ते एका साध्या हिशोबावर: एखाद्या पानाला कोण दुवा देतं आणि त्या देणाऱ्याची स्वतःची पत काय, यावरून पानाचा नंबर ठरवायचा. सांगलीच्या हळद बाजारात नव्या व्यापाऱ्याला जुन्या पेढीने ओळख दिली की सौदा सोपा होतो, त्यातलाच हा प्रकार. आणि ओळखीला भाव आला की ओळख विकणारेही येतात. नावापुरत्या डिरेक्टऱ्या निघाल्या, पैसे घेऊन लेख छापणारी पानं निघाली, शेकड्याने बॅकलिंक देणारी पॅकेजं निघाली. विकिपीडियात गुपचूप आपला पत्ता घुसवणारेही होते. पण तिथल्या बाहेरच्या दुव्यांना २००७ पासून ‘नोफॉलो’ची, म्हणजे ‘हा दुवा हिशोबात धरू नका’ असं सांगणारी खूण असल्याने त्या खटाटोपातून फारसं काही हाती लागत नसे.

२४ एप्रिल २०१२ रोजी गुगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला आणि विकतच्या दुव्यांवर उभ्या असलेल्या साइट धडाधड खाली गेल्या. २०१६ पासून तर असे दुवे बहुतेक वेळा हिशोबातच धरले जात नाहीत. पॅकेजवाल्यांचे फोन मात्र अजून येतात.

याच काळात सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांना ओळख मिळत गेली ती वेगळ्याच वाटेने. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. २०१६ मध्ये सांगलीच्या बेदाण्याला आणि कोरेगावकडच्या वाघ्या घेवड्याला, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला. प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांनी बातम्या दिल्या. ४ मे २०१७ रोजी पाचगणीजवळचं भिलार ‘पुस्तकांचं गाव’ झालं. स्ट्रॉबेरीच्या या गावावर लिहायला बाहेरच्यांना एक कारण मिळालं. खरी मेख या ‘कारणा’त आहे. कुणी उगाच दुवा देत नाही.

अर्थात मानांकन गावाला मिळतं, दुकानाला नाही. वैयक्तिक उत्पादकाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात वेगळी नोंद करावी लागते. अनेक जण इथेच थांबतात आणि साइटवर नुसता ‘जीआय’ असा शिक्का डकवून मोकळे होतात.

मिरजेचं उदाहरण सगळ्यात बोलकं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांचं काम हाती घेतलं, आणि मग पिढ्यानपिढ्या गवई-वादकांनीच या कारागिरांची जाहिरात केली. गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत राहत, एवढी एक ओळखही या गावाला पुरेशी होती. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला मानांकन मिळालं.

तानपुरा विकत घेणारा मात्र मानांकन ऐकत नाही, जवारी ऐकतो, म्हणजे घोडीवर टेकलेल्या तारेतून उमटणारा गुंजारव. कारागीर घोडीचा माथा कानसेने किंचित उतरता घासतो, तार छेडून बघतो, पुन्हा घासतो; मग तारेखाली सुताचा धागा सरकवत नेतो. एका जागी आवाज एकदम खुलतो, तिथे धागा थांबतो. हे काम नीट दाखवणारं, समजावणारं पान संगीताचा शिक्षक स्वतः होऊन शिष्यांना पाठवील, मग तो पुण्याचा असो की परदेशातला. ‘उत्तम दर्जा, वाजवी दर’ लिहिलेलं पान कोण कुणाला पाठवणार?

मिरजेत किंवा तासगावात नवी साइट काढणाऱ्यांनी म्हणून पहिल्या वर्षी लिंकांच्या पॅकेजला पैसे घालू नयेत. अधिकृत वापरकर्त्याचा अर्ज भरावा, गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करावी आणि आपलं काम हाताशी कॅमेरा ठेवून दाखवावं. खाली दोन परिच्छेद मराठीतही लिहावेत.