एकट्याची होडी

उत्तर अमेरिकेंतील खडकाळ, फेसाळ नद्यांत 'कॅनू' नांवाची उघडी होडी एकटा मनुष्य गुडघे टेकून, एकाच वल्ह्यानें हांकतो. अशा कित्येक होड्या 'रॉयलेक्स' ह्या थरांच्या कृत्रिम पत्र्याच्या असत. त्याचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. तेव्हांपासून जुनी होडी नीट सजविण्यास अधिकच महत्त्व आलें आहे.

प्रथम परीक्षा करावी ती काठाची. लांकडी पट्ट्यांच्या स्क्रूंपाशीं चिरा आहेत काय तें पाहावें. कारण कडक थंडींत लांकूड व रॉयलेक्स सारख्या प्रमाणांत आकसत नाहींत.

नंतर आंतील सज्जा. मध्यभागीं पाणी न शोषणाऱ्या फोमची बैठक, गुडघ्यांखालीं गाद्या आणि मांड्यांवरून पट्टे. पट्ट्यांमुळें होडी जणूं शरीराचाच भाग होते व कमरेच्या हेलकाव्यासरशी कलते. परंतु ती उलटली असतां हाच पट्टा फांस ठरूं शकतो. म्हणून तो एका हिसक्यांत सुटलाच पाहिजे. ही परीक्षा सोबत्यादेखत संथ पाण्यांत घ्यावी.

शेवटीं दोन्ही टोंकांस हवेच्या पिशव्या फुगवून दोरीच्या जाळीनें आवळाव्या. लिटरभर पाण्याचें वजन एक किलो. २०० लिटर जागा हवेनें अडविली, कीं २०० किलो पाणी बाहेर राहिलें! पाण्यानें भरलेली होडी खडकास अडकली, तर ती हलविणें एकट्याच्या आवांक्यांत नसतें.

सारांश, विकत घेतांना रंग पाहावा; पाण्यांत उतरतांना मात्र पट्टा आणि पिशव्या पाहाव्या.