मानसशास्त्राचे सगेसोयरे

(द्वितीय वर्ष, कला)

मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचे शास्त्र, असा समज आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात अजूनही आढळतो. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. मी हा विषय घेतला तेव्हा वडिलांनी सरळ विचारले, "यानं पोट कसं भरायचं?" पुढील वर्षी विशेष विषय निवडावयाचा असल्याने त्यांना उत्तर देणे मला भाग आहे. नोकरीची हमी मी देऊ शकत नाही. परंतु हा विषय एकटा नाही, त्याचे सगेसोयरे पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी बरेचसे आपल्याच दोन तालुक्यांत भेटतात, एवढे दाखविण्याचा प्रयत्न या लेखात करते.

पहिला सोयरा अगदी अनपेक्षित आहे, तो म्हणजे खगोलशास्त्र. खोडदच्या परिसरातील महाकाय रेडिओ दुर्बीण आपण सर्वांनी पाहिली आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या तिच्यात आहेत. आज तारकांच्या नोंदी यंत्रे घेतात. पूर्वी त्या माणसाच्या डोळ्या-कानांवर अवलंबून असत. १७९६ मध्ये इंग्लंडमधील ग्रिनिच वेधशाळेत किनेब्रुक नावाच्या साहाय्यकाच्या नोंदी प्रमुखांच्या नोंदींपेक्षा सेकंदाच्या काही दशांशांनी मागे पडू लागल्या आणि त्याची नोकरी गेली. पुढे बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने दाखविले की, निरनिराळ्या निरीक्षकांच्या नोंदींत असा फरक पडतोच. माणसाला प्रतिक्रिया देण्यास किती वेळ लागतो, याचा अभ्यास या वाटेने सुरू झाला आणि १८७९ मध्ये व्हुंटने लाइपझिग येथे स्थापन केलेल्या मानसशास्त्रीय प्रयोगशाळेत तो एक प्रमुख विषय ठरला.

दुसरा सोयरा अर्थशास्त्र. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोंच्या क्रेटचा भाव दोन हजार रुपयांच्या पुढे गेला आणि सप्टेंबरपर्यंत तो कोसळला. चढा भाव पाहून सर्वांनीच लागवड केली की माल उदंड होतो व भाव पडतो, हे अर्थशास्त्र सांगते. पण हे ठाऊक असूनही माणूस पुन्हा तेच का करतो? डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या मते, जे उदाहरण चटकन आठवते ते आपल्याला अधिक संभवनीय वाटते. ज्याने टोमॅटोवर बंगला बांधला त्याची गोष्ट गावभर होते; ज्याने माल बांधावर ओतला तो गप्प बसतो. १९७९ च्या त्यांच्या लेखात आणखी एक मार्मिक गोष्ट आहे. तोट्यात असलेला माणूस तो भरून काढण्यासाठी अधिक मोठा धोका पत्करतो. एका हंगामाचे कर्ज फेडण्यासाठी दुसरे कर्ज काढणारी घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे पटवून द्यावे लागणार नाही. कानेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ट्वर्स्की १९९६ मध्येच निवर्तले होते.

तिसरा सोयरा वन्यजीवशास्त्र. धरणांचे पाणी आले, ऊस वाढला आणि उसात बिबट्याला आसरा मिळाला. हल्ला झाला की गावाची मागणी एकच असते : पिंजरा लावा आणि बिबट्या दूर नेऊन सोडा. जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ या काळात पकडलेले बिबटे मोठ्या प्रमाणावर दूर नेऊन सोडण्यात आले. त्यानंतर माणसांवरील हल्ले कमी न होता उलट वाढले, असा निष्कर्ष विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात निघाला. तरीही पिंजरा दिसला की जिवाला धीर येतो, कारण आपण काहीतरी केले असे वाटते. दुसरीकडे, भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. तरी आपण रात्री बॅटरीवाचून पाणी धरायला जातो. भीती आकड्यांच्या मापाने वाढत नाही. याचा अर्थ बिबट्याची भीती खोटी, असा मुळीच नव्हे. ज्या घरातले मूल गेले त्या घराला आकडे सांगणे क्रूरपणाचे होईल. परंतु जे पत्रक माणसाची भीती समजून न घेता लिहिले जाते, ते कोणी वाचत नाही, इतकेच मला म्हणावयाचे आहे.

चौथा सोयरा भूगोल. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसे मृत्युमुखी पडली. दरड का कोसळते ते भूगोल सांगतो. नव्या जागी घरे बांधण्याचे काम स्थापत्यशास्त्र करते. २०१७ मध्ये ती उभीही राहिली. परंतु एवढ्या मोठ्या आघातानंतर पावसाचा नुसता आवाजही माणसाची झोप उडवू शकतो, त्याचे काय? १९३४ च्या बिहार भूकंपानंतरच्या अफवांचा अभ्यास जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञांनी केला होता. याहून भयंकर संकट येणार, अशा त्या अफवा होत्या. पुढे लिऑन फेस्टिंगरने त्यांचा असा उलगडा केला की, मनात आधीच दाटलेल्या भीतीला माणसे कारण शोधत होती.

कायद्याशीही आता नाते जुळले आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. १४४१६ हा 'टेली-मानस'चा दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे. देवऋषीचा पत्ता सांगणाऱ्या आपल्या गावांत हा क्रमांक किती जणांना ठाऊक आहे?

मराठीच्या विद्यार्थ्यांनी तर परकेपणा मानूच नये. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातील रससिद्धांत स्थायी भावांवरच उभा आहे, आणि के. ना. वाटवे यांनी 'रसविमर्श' या ग्रंथात त्याचा आधुनिक मानसशास्त्राच्या प्रकाशात विचार केला आहे. तमाशाच्या पंढरीत, नारायणगावात, प्रेक्षक कधी हसतो आणि कधी डोळे पुसतो हे कलावंतांनी पुस्तकावाचून ओळखले होते.

वडिलांना मी एवढेच सांगेन की, पिकाचा भाव, बिबट्या, दरड आणि कर्ज या आपल्याच चिंता आहेत आणि त्या सोसणारे मन समजल्यावाचून त्यांपैकी एकही पुरती समजत नाही. प्राध्यापकांना मात्र एक विनंती आहे. अर्थशास्त्र, भूगोल, मराठी आणि मानसशास्त्र या विभागांनी मिळून एखाद्या गावाची पाहणी हाती घ्यावी. विभागांच्या खोल्या वेगळ्या असतील. गावातले माणूस मात्र एकच असते.