गाजर गवताला जागा कोणी दिली?

या रे पोरांनो, बसा जवळ. आजची गोष्ट एका बीची आहे. काळी, चपटी, मोहरीएवढी बी. दोन्ही अंगांना तिला बारीक पापुद्रे असतात, त्यामुळे ती वाऱ्यावर उडते आणि पाण्यावर तरंगते. तिचं मूळ घर मेक्सिकोच्या आखाताच्या आसपासचं. अमेरिकेहून आपल्याकडे गव्हाची पोती येत होती, त्या धान्यात मिसळून ती इथं आली असं मानतात. पुण्यात तिची झाडं दिसली आणि १९५६ साली राव नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची नोंद छापली. पुढं काही दशकांतच ती देशभर पोचली. तुम्ही तिला रोज बघता. गाजर गवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी, सगळी तिचीच नावं.

उद्या एक रोप जवळून बघा, पण हात लावू नका. अंगाला खाज सुटते, कुणाकुणाला दमाही होतो. लहानपणी त्याची पानं जमिनीला चिकटून चहूकडं पसरतात. त्यांच्याखाली उगवणाऱ्या दुसऱ्या कोंभाला ऊनच मिळत नाही. मग मधून दांडा वर चढतो, फांद्या फुटतात आणि पांढऱ्या टिकल्या दिसू लागतात. एकेक टिकली म्हणजे फुलांचा इवलासा गुच्छ. त्याच्या कडेला पाच फुलं असतात आणि प्रत्येकात एकच बी धरते. गुच्छाला पाचच बिया, पण झाडावर असे गुच्छ हजारोंनी. चांगलं पोसलेलं एक झाड दहा-पंधरा हजार बिया सहज टाकतं. आणि उगवल्यापासून महिन्याभरातच ते फुलायला लागतं!

“मग आजोबा, सगळीकडं तेच का नाही उगवलं?” शाब्बास! शास्त्रज्ञही हेच विचारतात.

गाजर गवत कुठं दाट असतं, आठवा बरं. नवा रस्ता खणला त्याच्या कडेला, रेल्वेच्या रुळांलगत, मुरूम टाकून सोडून दिलेल्या प्लॉटवर, गुरांनी मुळापर्यंत ओरबाडलेल्या गायरानात. या सगळ्या जागी एक गोष्ट सारखी आहे. तिथलं मूळचं गवत-झुडूप गेलेलं असतं. ऊन जमिनीवर पडतं, पाऊस मुरतो, मातीत खत असतं, पण ते घ्यायला कुणी उरलेलं नसतं. उरलेलं ऊन, पाणी आणि खत हेच परक्या झाडाला मिळणारं आवतण. गायरानात तर आणखी एक गोष्ट घडते. गुरं मारवेल, पवन्या अशी गवतं खातात, गाजर गवताला मात्र तोंड लावत नाहीत. म्हणजे त्याच्या शेजाऱ्यांना गुरंच हटवतात आणि त्याला रान मोकळं करून देतात. त्यात मुरमाच्या ट्रकमधून, टायरच्या चिखलातून, पुराच्या पाण्यातून नवं बी येतच राहतं. एकदा आलेली बी मरेलही, पण दरवर्षी हजारो आल्या तर काही रुजणारच.

आता जुनं, न ओरबाडलेलं गवताळ रान बघा. कुणाची मुळं वरच्या थरातलं पाणी पितात, कुणाची खोलवरचं. कुणी मृगात वाढतं, कुणी पाऊस सरताना. भरल्या पंगतीत उशिरा आलेल्याला पाट मिळत नाही, तशी तिथं नव्या बीला जागाच सापडत नाही.

चार्ल्स एल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९५८ च्या आपल्या पुस्तकात म्हटलं होतं, की जिथं थोड्याच जाती असतात तिथं परके सहज घुसतात. हे पडताळता कसं येणार? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक इथं १९९४ साली जमिनीचे चौकोनी वाफे पाडले. काहींत एकच जात लावली, काहींत २, ४, ८, तर काहींत १६. पुढं त्यांतल्या काही भागाची निंदणी थांबवली आणि बाहेरून कोण येतंय ते मोजलं. ज्या वाफ्यांत जाती जास्त, तिथं परकी रोपं कमी आली आणि आलेली खुरटी राहिली. शेजार दाट होता, म्हणून त्यांच्या वाट्याला ऊन आणि खत थोडंच उरलं.

पण नुसती संख्या मोजून निर्धास्त होऊ नका. जिथं पाणी-माती चांगली, तिथं आपल्या झाडांसारखंच परक्यांचंही फावतं. भरलेल्या जंगलातसुद्धा वणवा लागला, झाडं तुटली, वरून ऊन आलं, की घाणेरी हे परकं झुडूप शिरतं. तिची फळं पाखरं खातात आणि बी लांबवर टाकतात.

गाजर गवत इतकं फोफावण्याचं दुसरं कारण त्याच्या शत्रूंचं. मेक्सिकोत या झाडाला खाणारे किडे आहेत, ते मागंच राहिले. म्हणून १९८३ साली तिथला एक भुंगेरा बंगळूरला आणला, तपासला आणि १९८४ पासून सोडला. पिवळट अंगावर नागमोडी तपकिरी रेघा. अळी आणि भुंगेरा दोघंही पानं खातात, कोवळ्या अळ्या शेंडे कुरतडतात. पावसाळ्यात तो झाडाची चाळण करतो, पण पाऊस सरला की मातीत दडी मारतो. मग उरलेली झाडं निवांत फुलतात. एकट्या किड्याच्या भरवशावर राहता येत नाही, जागा भरायलाच हवी.

आता ऐका कामाचं. हातात मोजे घालायचे, तोंडाला रुमाल बांधायचा आणि पाऊस पडून माती ओली झाली की झाडं मुळासकट उपटायची. फूल यायच्या आत, कारण नंतर उपटलं तर बी आपल्याच हातानं पसरते. आणि त्याच दिवशी त्या जागेवर टाकळ्याचं बी फेकायचं. टाकळा दाट उगवतो, जमीन झाकतो, गाजर गवताला वर येऊ देत नाही. गायरानाचा एखादा तुकडा दोन-तीन वर्षं चराईला बंद ठेवला, तर जुनं गवत परत धरतं. उपटणं हे अर्धंच काम, बाळांनो. उपटून जमीन उघडी टाकली, तर पुढच्या पावसात तिथं गाजर गवतच येणार, आणि त्याला जागा आपणच दिलेली असणार.