पसरणी घाटात क्लच बघताना

सपाट रस्त्यावर जुन्या पिकअपचा क्लच सहसा वाईट दिसत नाही. गाडी मोकळी, इंजिन थंड, विकणारा गोड बोलत शेजारी बसलेला. गाडी सुटते, गिअर पडतात आणि घेणारा खूश होतो. म्हणून भिलारच्या माझ्या मावसभावाने स्ट्रॉबेरीचा हंगाम सुरू व्हायच्या आत जुनी बोलेरो पिकअप घ्यायचं काढलं, तेव्हा वाईच्या मिस्त्रींनी आधी एक अट घातली. "मोकळ्या गाडीला क्लच कसला बघताय? मागं वाळूची पोती टाका आन् घाट चढवा."

वाई ते पाचगणी अंतर जेमतेम १२-१३ किलोमीटर. पण तेवढ्यात पसरणी घाट गाडीला साडेपाचशे मीटरहून जास्त वर नेतो. शनिवार-रविवारी पर्यटकांची रांग लागली की चढावर थांबत, सरकत जावं लागतं. तेव्हा ड्रायव्हर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतो आणि प्लेट घासत राहते. इथल्या गाडीचं किलोमीटरचं मीटर बघून तिचं वय कळत नाही ते यासाठीच.

क्लचप्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या मध्ये दाबून धरलेली असते. पाय दाबला की ती सुटते, सोडला की धरते. बिघाडही मुख्यतः दोनच आणि एकमेकांच्या उलट: एक तर प्लेट धरत नाही, नाही तर सोडत नाही. पहिला चढावर कळतो, दुसरा जागेवर. म्हणून मिस्त्रींनी गाडी हलवण्याआधी इंजिन बंद ठेवून पाचही गिअर टाकून बघितले. मग इंजिन सुरू केलं, क्लच पूर्ण दाबला, चार-पाच सेकंद थांबले आणि मगच रिव्हर्स टाकला. खरखर नाही. क्लच नीट सुटत असेल तर तेवढ्या वेळात आतला शाफ्ट फिरायचा थांबतो आणि रिव्हर्स गुमान पडतो. इंजिन बंद असताना पडणारा गिअर इंजिन सुरू झाल्यावर अडत असेल तर दोष बहुधा क्लच न सुटण्याचा असतो, आणि लोक मात्र गिअरबॉक्स उघडून बसतात. पेडल दोन-चारदा मारल्यावर गिअर पडायला लागला तर हायड्रॉलिकमध्ये हवा शिरली आहे किंवा सिलिंडरचा रबर गेला आहे, हे समजायचं. तो खर्च फार मोठा नाही.

नंतर कान लावायचं काम. गाडी न्यूट्रलला, पाय क्लचवरून काढलेला. आवाज नाही. पाय टेकवताच बारीक किरकिर. "रिलीज बेअरिंग," मिस्त्री म्हणाले. उलट असतं, म्हणजे पाय काढल्यावर घरघर आणि दाबल्यावर शांत, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगचा संशय धरायचा.

घाटाच्या खालच्या वळणांवर गाडी ठीक चालली. मालकाच्या चेहऱ्यावर 'बघा!' असा भाव. मिस्त्री काही बोलले नाहीत. प्लेट तापेपर्यंत तिच्याबद्दल बोलण्यात अर्थ नसतो. वरच्या टप्प्यात त्यांनी मुद्दाम गाडी चौथ्यात ठेवून पूर्ण रेस दिली. इंजिनचा आवाज चढत गेला, स्पीडचा काटा मात्र जागचा हलेना. पाठोपाठ तो ओळखीचा करपट वास. उतारावर असा वास आला असता तर ब्रेकवर ढकलता आला असता. चढावर कुणी ब्रेक मारत नव्हतं.

एका खड्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलली, तर सगळी बॉडी थरथरली. भावाला प्लेट स्लिप होण्यापेक्षा हीच गोष्ट जास्त लागली. भाजीची पोती असा धक्का सोसतात. स्ट्रॉबेरी पनेटच्या छोट्या डब्यांत भरून, खोक्यांत रचून रात्रीतून पुण्या-मुंबईला जाते, आणि फळ एकदा दबलं की बाजारात त्याचा भाव पडलाच. क्लच थरथरतो तो कधी इंजिनच्या ढिल्या फाउंडेशनमुळे, कधी फ्लायव्हील तापून डागाळल्यामुळे, कधी प्लेटवर तेल आल्यामुळे.

दांडेघरच्या नाक्याजवळून गाडी परत वळवली. उतारावर गिअरची परीक्षा. रेस सोडली की चाकं इंजिनला ओढू लागतात, दात्यांवरचा जोर उलट्या बाजूने येतो आणि झिजलेला गिअर न्यूट्रलला निसटतो. घाटात भरल्या गाडीचं तसं झालं तर सगळा भार ब्रेकवर. मिस्त्री दांड्यावर हात न ठेवता, रेस सोडत-देत राहिले. गिअर सुटला नाही. तिसऱ्यातून दुसरा टाकताना मात्र 'खर्र' झालं. पुढच्या वेळी न्यूट्रलला क्लच सोडून, किंचित रेस देऊन, पुन्हा क्लच दाबून दुसरा टाकला, तर आवाज नाही. म्हणजे दाते शाबूत, गिअरचा वेग जुळवणारी सिंक्रो रिंग झिजलेली.

वाईत गाडी रॅम्पवर घेतली. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली तेलाचा ओला डाग होता. डिझेल इंजिनचं तेल काळंकुट्ट होतं, गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. हा डाग काळा आणि बिनवासाचा, म्हणजे क्रँकचं मागचं सील. गिअरबॉक्सचं थोडं तेल पत्र्यावर काढलं. राखाडी गाळ चुंबकाला चिकटला, ती रोजची झीज. पण उन्हात सोनेरी चमचम दिसली, ती चुंबकाला दाद देईना. पितळ. सिंक्रो रिंगचंच.

मालक म्हणाला, "दादा, क्लच आत्ताच टाकलाय." खोटं बोलत नसावा. पण नुसती प्लेट टाकून जुनी प्रेशर प्लेट, जुनं बेअरिंग आणि गळकं सील तसंच ठेवलं तर नवी प्लेटही लवकरच तेलकट होते. मिस्त्रींनी पूर्ण सेट, सील आणि दुसऱ्या गिअरची रिंग असा हिशेब कागदावर लिहिला. रिंगसाठी गिअरबॉक्स उघडायची मजुरी वेगळी, तो उतरवायची मजुरी मात्र एकदाच लागणार होती. भावाने तो कागद मालकासमोर ठेवला आणि चहा सांगितला. दुसरा चहा येईपर्यंत मालक निम्म्यावर आला होता. भाऊ पूर्ण आकड्यावर अडून होता.