वैशाखात फुलणारी घरची बाग

मुळे जेवढे पाणी शोषतात त्याहून अधिक पाणी पानांतून हवेत निघून जाऊ लागले की झाड कोमेजते. उन्हाळ्यातल्या बागकामाचे सारे शास्त्र या एका हिशेबावर उभे आहे. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी पानांवरच्या सूक्ष्म पर्णरंध्रांतून वाफेच्या रूपाने बाहेर पडते. या बाष्पोत्सर्जनामुळे पान थंड राहते आणि मातीतली अन्नद्रव्ये पाण्याबरोबर शेंड्यापर्यंत चढतात. हवा जितकी उष्ण आणि कोरडी, तितका हा ओघ जोराचा. त्यामुळे पारा 45 अंशांपर्यंत चढणाऱ्या नागपूर-चंद्रपुरात लहान कुंडी एका दिवसात कोरडी पडते. रत्नागिरी-पणजीच्या दमट हवेत तेवढ्याच पाण्यावर तेच झाड अधिक काळ टवटवीत राहते.

पाणी अपुरे पडले की पर्णरंध्रे मिटतात. पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइडची वाटही बंद होते आणि प्रकाशसंश्लेषण मंदावते. शिवाय तापमान वाढले की हा वायू पकडणारे रुबिस्को हे विकर चुकून ऑक्सिजनच अधिक पकडू लागते. त्यातून साखर तयार होण्याऐवजी खर्ची पडते. अशा टंचाईत झाड आधी कळ्या गाळते. म्हणून उन्हाळ्यासाठी झाडे निवडताना या टंचाईवर त्यांनी काय उपाय शोधला आहे, हे पाहावे.

उन्हाला सरावलेली झाडे

चिनी गुलाब, म्हणजे ऑफिस टाइम, हे मूळचे दक्षिण अमेरिकेतले झाड. त्याच्या जाडसर, रसाळ पानांत पाण्याचा साठा असतो. मका आणि उसाप्रमाणे ते कार्बन डायऑक्साइड आधी एकवटते आणि मगच रुबिस्कोकडे सोपवते, त्यामुळे उष्णतेत होणारी विकराची चूक टळते. पाण्याचा ताण पडला तर ते निवडुंगासारखे रात्री हा वायू आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवूही शकते. रानभाजी म्हणून खाल्ली जाणारी घोळ याच कुळातली, आणि तिच्यातही ही दुहेरी सोय आहे. या झाडाला दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन हवे. सावलीत त्याची फुले उमलतच नाहीत. फांदीचा बोटभर तुकडा मातीत खोचला तरी तो सहज जगतो.

बोगनवेल मूळची ब्राझीलची. फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हिल यांच्या मोहिमेतील वनस्पतितज्ज्ञ कोमर्सन यांनी 1767 मध्ये रिओ दि जानेरोजवळ तिची नोंद केली. तिचा भडक रंग पाकळ्यांचा नसून फुलांभोवतीच्या पानांचा, म्हणजे सहपत्रांचा असतो. खरी फुले आतल्या इवल्याशा नळ्या. कागदासारखी पातळ ही सहपत्रे कडक उन्हातही बरेच दिवस टिकतात. बोगनवेलीला भरपूर पाणी आणि नत्रयुक्त खत दिले तर ती नुसती पाने काढते. माती वरून वाळू देऊन मग पाणी दिले की तिला बहर येतो.

सदाफुली मादागास्करची. कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही औषधे तिच्यापासून मिळतात. तिला ऊन सोसते, साचलेले पाणी मात्र सोसत नाही. मुळे कुजून झाड एकाएकी मान टाकते. चाफा आपल्या जाड खोडात पाणी साठवतो आणि पाने गाळून बाष्पोत्सर्जन जवळजवळ थांबवतो, त्यामुळे निष्पर्ण फांद्यांवरही त्याला फुले येतात. मे फ्लॉवरचा कंद वर्षाचे काही महिने जमिनीत निद्रिस्त राहतो आणि उन्हाळ्याच्या अखेरीस लाल चेंडूसारखा फुलोरा वर काढतो. बी पेरून लवकर फुले हवी असतील तर झिनिया आणि गॅलार्डिया हे चांगले पर्याय आहेत. अबोलीला मात्र दुपारची सावली मानवते.

मोगऱ्याची छाटणी

महाराष्ट्राच्या उन्हाळ्याचे खरे फूल मोगरा. जव्हार-विक्रमगड परिसरातल्या शेतकऱ्यांचा मोगरा मुंबईत दादरच्या फुलबाजारात पोहोचतो, आणि बाल्कनीतल्या कुंडीतही तो तितक्याच जोमाने फुलतो. त्याच्या कळ्या नव्या फुटीच्या टोकाला येतात. जुन्या फांद्या तशाच ठेवल्या तर फुले तुरळकच लागतात. थंडी ओसरताना, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, काही दिवस पाणी कमी करावे, मग फांद्या निम्म्यापर्यंत छाटून उरलेली पाने काढावीत. त्यानंतर वरची माती उकरून शेणखत घालावे आणि पाणी पूर्ववत सुरू करावे. साधारण दीड-दोन महिन्यांत कळ्या दिसू लागतात. पहिला बहर ओसरला की फुललेली टोके खुडावीत, म्हणजे पुढची फूट लवकर येते.

मोगरा संध्याकाळी उमलतो. लिनालूल, बेंझिल अॅसिटेट आणि इंडोल ही त्याच्या गंधातली प्रमुख द्रव्ये. उमलण्याच्या बेतातल्या कळ्या तोडल्या तर गंध अधिक काळ टिकतो. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर ती लोहाची कमतरता समजावी. चुनखडीयुक्त काळी माती आणि बोअरवेलचे जड पाणी यांमुळे लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. अशा वेळी चिलेटेड लोह उपयोगी पडते. अनंतालाही हाच त्रास होतो.

कुंडी, माती आणि पाणी

मातीच्या कुंडीच्या छिद्रांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि माठातल्या पाण्याप्रमाणे मुळे थंड राहतात. काळ्या प्लॅस्टिकची कुंडी उलट ऊन शोषून मुळांना भाजते. गच्चीचा स्लॅब सूर्यास्तानंतरही तापलेला असतो, म्हणून कुंड्या विटांवर ठेवाव्यात. त्या जवळजवळ मांडल्या तर एकमेकींना सावली मिळते आणि भोवतालची हवा थोडी दमट राहते. मातीवर पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या किंवा उसाच्या पाचटाचा दोन-तीन इंचांचा थर दिला की बाष्पीभवन बरेच घटते. हा थर खोडाला मात्र चिकटू देऊ नये.

पाणी सकाळी लवकर द्यावे, आणि तळाच्या छिद्रातून थोडे बाहेर येईपर्यंत द्यावे. रोज वरवर शिंपडले तर मुळे वरच्याच, सर्वांत लवकर तापणाऱ्या थरात राहतात. बोट दोन इंच खोल घालून माती ओली लागली तर पाणी देऊ नये. दुपारी झुकलेली पाने संध्याकाळी आपोआप उभी राहिली तर मुळे ठीक आहेत. माती ओली असूनही पाने सकाळीच मलूल दिसली तर मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, असे समजावे.

दुपारी पानांवर पडलेले थेंब भिंगासारखे काम करून पाने जाळतात, हा समज सर्वत्र आढळतो. हंगेरीतील संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गुळगुळीत पानांवर असे भाजणे दिसले नाही. थेंबाला पृष्ठभागापासून वर उचलून धरणाऱ्या लवदार पानांवरच ते शक्य ठरले. दुपारचे पाणी टाळावे ते त्यातले बरेचसे वाया जाते म्हणून.

कोरड्या मातीत रासायनिक खत घातले तर मातीतला क्षार मुळांतलेच पाणी ओढून घेतो. म्हणून आधी पाणी, मग अगदी थोडे खत, हा क्रम पाळावा. कोरड्या उष्णतेत लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण वाढतात. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा आणि संध्याकाळी पाच टक्के निंबोळी अर्क एवढ्यावर ते बहुधा आटोक्यात राहतात.

घरात कुठल्या जागी किती तास ऊन येते, हे आधी पाहावे आणि मगच झाड आणावे. जागेला साजेसे झाड निवडले तर भर उन्हाळ्यातही थोड्या पाण्यावर बाग फुलते.